उल्हासनगरची सिंधी खाद्यगृहे

उल्हासनगरची सिंधी खाद्यगृहे : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहरात सिंध प्रांताच्या पाकपरंपरेतील पदार्थ तयार करून विकणारी न्याहारीची दुकाने, उपाहारगृहे, मिठाईची दुकाने व हातगाड्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांच्या वसाहतीत त्यांचा उदय झाला. प्रांतिक खाद्यपदार्थांची उपाहारगृहे भारतात सर्वत्र आढळतात. मालवणी खानावळीच्या पाठीशी मालवण असते आणि उडुपी उपाहारगृहाच्या पाठीशी उडुपी. उल्हासनगरच्या दुकानांची परंपरा मात्र ज्या प्रांतातून आली, तो प्रांत आता दुसऱ्या देशात आहे. त्यामुळे या साध्या दुकानांना व्यवसायापलीकडचे महत्त्व प्राप्त झाले आहे. एका विस्थापित समाजाच्या पाकपरंपरेतील कोणते पदार्थ सार्वजनिक जीवनात टिकले व कोणते घरापुरते उरले, हे त्यांच्या अभ्यासातून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सिंध हा प्रदेश १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यामुळे मुंबई व कराची या बंदरांमध्ये व्यापार, शिक्षण आणि शासन यांच्या निमित्ताने निकटचा संबंध होता. फाळणीच्या वेळी पंजाब व बंगाल यांचे विभाजन झाले. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. तेथील हिंदू प्रामुख्याने शहरांत राहणारे व्यापारी, सावकार व नोकरदार होते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगली झाल्यानंतर त्यांच्या स्थलांतराला वेग आला. बरेच लोक जलमार्गाने मुंबईस, तर इतर लोहमार्गाने राजस्थानात पोहोचले.

मुंबईकडे आलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावणीत करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेली ही छावणी युद्धानंतर रिकामी पडली होती. तिच्या लांबलचक बराकींत पडदे व फळ्या लावून अनेक कुटुंबांनी संसार मांडले. तेथे एक लाखाच्या आसपास विस्थापित वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच विभाग आजही ‘कॅम्प’ क्रमांक १ ते ५ या नावांनीच ओळखले जातात. दुकानाचा पत्ता सांगतानाही प्रथम कॅम्पचा क्रमांक सांगण्याची रीत आहे. सु. १३ चौ. किमी. क्षेत्राच्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाखांहून अधिक होती. १९९६ पासून येथे महानगरपालिका आहे.

विस्थापितांना आरंभी काही काळ सरकारी शिधा मिळे. ही मदत कायमची नव्हती, त्यामुळे थोडे भांडवल व घरातले कौशल्य यांवर चालेल असा धंदा शोधणे प्राप्त होते. खाद्यपदार्थांचा धंदा तसा होता. बराकीत लाटलेले पापड, लोणची, मिठाई व तळलेले जिन्नस उपनगरी गाड्यांत आणि मुंबईच्या रस्त्यांवर विकले जाऊ लागले. पदार्थ स्त्रियांनी करावयाचे व पुरुषांनी आणि मुलांनी विकावयाचे, अशी श्रमविभागणी अनेक घरांत होती. पुढे टोपलीची हातगाडी झाली आणि हातगाडीचे दुकान झाले. पापड लाटण्याचा उद्योग तर उल्हासनगरच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

सिंधी पाकपरंपरेचे स्वरूप : सिंधू नदी, तिच्याभोवतालचा रुक्ष प्रदेश आणि अरबी समुद्र यांनी सिंधी स्वयंपाकाला आकार दिला. गहू, तांदूळ, ज्वारी व बाजरी ही तेथील मुख्य धान्ये होत. समुद्रातून सिंधूच्या प्रवाहात वर चढणारा पल्लो (हिल्सा) मासा सिंधी लोकांना विशेष प्रिय असून त्यांचे आराध्य दैवत झूलेलाल याच्या चित्रांत देव पल्लोवर आरूढ झालेला दाखवितात. तळ्यांत व सरोवरांत वाढणाऱ्या कमळाचा देठ, म्हणजे ‘भी’, ही या परंपरेची खास भाजी होय. देठाच्या पोकळ्यांत चिखल साचलेला असल्याने ती निवडून धुणे हे कष्टाचे काम असते.

पाकक्रियांसाठी सिंधी भाषेत नेमक्या संज्ञा आहेत. कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतून केलेल्या रश्श्याच्या आधाराला ‘दाग’ म्हणतात. कांदा, लसूण, कोथिंबीर, टोमॅटो यांच्याच ओलाव्यात पदार्थ शिजविणे म्हणजे ‘सेयल’ करणे. ‘टुक’ करताना बटाट्याचे किंवा अळकुडीचे तुकडे एकदा तळून, तळहाताने दाबून चपटे करतात व पुन्हा तळतात. नंतर त्यांवर तिखट, धणेपूड व आमचूर भुरभुरतात. पदार्थ दोनदा तळण्याची ही पद्धत ‘सन्ना पकोडा’ या भज्यांच्या प्रकारातही दिसते. पहिल्या तळणीने तो आतून शिजतो व दुसरीने बाहेरून कुरकुरीत होतो.

टिकाऊपणा हे या परंपरेचे आणखी एक वैशिष्ट्य. कांदा, मिरची व कोथिंबीर घालून घट्ट मळलेल्या कणकेची ‘कोकी’ ही जाड पोळी एकदा अर्धवट शेकतात, तिच्यावर चिरा पाडतात व तूप किंवा तेल सोडून पुन्हा मंद आचेवर भाजतात. अशी कोकी एक-दोन दिवस सहज टिकते. दूरच्या बंदरांत व्यापारासाठी जाणाऱ्या समाजाला अशा शिदोरीची गरज होती. गोकुळाष्टमीच्या सुमारास येणाऱ्या ‘थदडी’ या सणाच्या दिवशी घरात चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी केलेल्या कोकी व गोड ‘लोलो’ या पोळ्या थंडच खातात.

खाद्यगृहांचे प्रकार : उल्हासनगरातील सिंधी खाद्यगृहांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. (१) सकाळच्या न्याहारीची दुकाने व गाड्या : येथे दाल-पकवान, छोले व भजी मिळतात. काम पहाटे सुरू होते व माल दुपारपूर्वी संपतो. (२) संध्याकाळच्या गाड्या : पॅटिस, टुक, पाणीपुरी, कुल्फी-फालुदा इ. पदार्थ येथे मिळतात. (३) मिठाईवाले : रोजच्या मिठाईबरोबर ते सणांचे विशेष पदार्थ करतात. (४) भोजनगृहे : येथे पंजाबी व इतर पदार्थांसोबत काही सिंधी पदार्थही असतात; निव्वळ सिंधी जेवण देणारी भोजनगृहे थोडी आहेत. खाद्यपदार्थांची वर्दळ बाजारपेठांच्या आधाराने वाढली. कापड, तयार कपडे व लाकडी सामान यांच्या खरेदीसाठी बाहेरगावाहून येणारे व्यापारी व ग्राहक हा या दुकानांचा मोठा आधार आहे.

प्रमुख पदार्थ : दाल-पकवान हा उल्हासनगरच्या न्याहारीचा मानबिंदू होय. पकवान म्हणजे मैद्याची कडक पुरी. मैद्यात तेलाचे किंवा तुपाचे मोहन, जिरे, ओवा व मिरे घालून पीठ घट्ट भिजवितात, पातळ लाटतात आणि पुरी फुगू नये म्हणून तिला सुरीने टोचे मारून मंद आचेवर तळतात. सोबतची डाळ हरभऱ्याची असते. ती मऊ शिजावी, परंतु दाणा मोडू नये, यात करणाऱ्याचे कसब दिसते. वाढताना डाळीवर चिंचेची गोड चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कांदा व मसाला घालतात. पकवान मोडून त्याच्या तुकड्याने डाळ उचलून खाण्याची पद्धत आहे. पकवान आधी तळून ठेवता येते व डाळ मोठ्या पातेल्यात गरम राहते; त्यामुळे एक-दोन माणसे थोड्या वेळात पुष्कळ गिऱ्हाइकांना वाढू शकतात.

छोले व पाव यांच्या मिश्रणास ‘छोला ढबल’ म्हणतात. ‘ढबल’ हे ‘डबल रोटी’ या पावाच्या प्रचलित नावाचे संक्षिप्त रूप होय. शिळा पाव कोथिंबीर-लसणाच्या रश्श्यात मुरवून केलेल्या ‘सेयल ढबल’ या घरगुती पदार्थात काहीही वाया न घालविण्याची वृत्ती दिसते. पापडाला सिंधी आदरातिथ्यात मानाचे स्थान असून घरी आलेल्या पाहुण्यापुढे भाजलेला पापड व पाणी ठेवण्याचा प्रघात आहे. उडदाच्या पिठात मिरे व जिरे घालून केलेल्या या पापडांना उल्हासनगरबाहेरही मागणी असते.

मिठाईत ‘सिंगर मिठाई’ हा बेसनाची शेव, मावा व साखर यांपासून होणारा मऊ प्रकार प्रसिद्ध आहे. होळीच्या आधीचे काही आठवडे ‘घीयर’ व ‘प्राकिरी’ यांचे असतात. घीयर हे आंबवलेल्या मैद्याचे, जिलबीच्या जातीचे पण आकाराने पुष्कळ मोठे पक्वान्न असून त्याची किंचित आंबट चव आंबवण्यातून येते. प्राकिरी ही मावा भरलेली, पापुद्रे सुटणारी गोल करंजी होय. विवाहित मुलीच्या सासरी होळीनिमित्त हे पदार्थ पाठविण्याची चाल आहे. होळी झाल्यावर ते दुकानांतून नाहीसे होतात. चैत्रातील ‘चेटी चंड’ या झूलेलाल जयंतीच्या उत्सवात गोड भात (ताहिरी) व छोले यांचा प्रसाद वाटतात.

घर आणि दुकान : सिंधी स्वयंपाकातील सर्वच पदार्थ दुकानात आलेले नाहीत. जे पदार्थ आधी करून ठेवता येतात, उभ्याने खाता येतात व अनोळखी जिभेलाही लगेच रुचतात, ते बाजारात स्थिरावले. पकवान, टुक, भजी, पॅटिस व मिठाई ही त्याची उदाहरणे होत. ज्यांना वेळ, निवांतपणा व जाणता खाणारा लागतो, ते बहुधा घरीच राहिले. पालक, आंबट चुका, शेपू, हरभऱ्याची डाळ व इतर भाज्या एकत्र शिजवून घोटलेली ‘साई भाजी’ आणि तिच्याबरोबरचा तपकिरी कांद्याचा ‘भुगल चावल’ हा असाच जोड पदार्थ. सिंधी कढीचेही तसेच आहे. महाराष्ट्रातील ताकाच्या कढीशी नावापलीकडे तिचा संबंध नाही. तेलात बेसन खमंग भाजून, पाणी घालून पुष्कळ वेळ उकळतात. चिंच किंवा आमसूल घालून आंबटपणा आणतात आणि शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा अशा भाज्या तिच्यात सोडतात. रविवारी दुपारी कढी-भात व गोड बुंदी हा अनेक सिंधी घरांतील ठरलेला बेत होय. भी, सेयल मांस व पल्लो यांचे घरगुती प्रकारही दुकानांच्या फलकांवर क्वचितच दिसतात.

या विभागणीचा परिणाम दूरवर पोहोचतो. दुकानातला पदार्थ रोज शेकडो लोकांसमोर होतो, त्याला गिऱ्हाइकांची दाद वा टीका मिळते आणि हाताखालचा मुलगा पाहून पाहून तो शिकतो. घरातला पदार्थ आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जातो आणि मोजमाप लिहिलेले नसल्याने एका पिढीत ही साखळी तुटली, तरी पदार्थ हरवतो. कुटुंबे लहान झाली, स्त्रिया नोकरी-व्यवसायासाठी बाहेर पडल्या व आंतरजातीय विवाह वाढले, तसतसा घरगुती पदार्थांचा आधार अरुंद होत गेला. यामुळे सिंधी पाकपरंपरेचा जो अंश बाजारात आला नाही, तोच अधिक नाजूक अवस्थेत आहे.

भाषेच्या स्थितीशी याची तुलना करता येते. भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश १० एप्रिल १९६७ रोजी झाला. परंतु भाषावार प्रांतरचनेत सिंधी भाषकांचे राज्य असणे शक्यच नव्हते. २०११ च्या जनगणनेत देशात सु. २७.७ लक्ष लोकांनी सिंधी ही मातृभाषा नोंदविली. उल्हासनगरच्या तरुण पिढीच्या व्यवहारात हिंदीचा वापर मोठा आहे व सिंधी लिपी वाचणारे कमी झाले आहेत. आजोबांची भाषा तुटक बोलणाऱ्या नातवालाही साई भाजी व कोकी ही नावे मात्र ठाऊक असतात. खाद्यपदार्थांची नावे हा त्याच्या तोंडी उरलेल्या सिंधी शब्दसंपत्तीचा एक मोठा वाटा असतो.

भोवतालचा प्रदेश : मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी व उल्हासनगर यांच्यापुढे अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके लागतात. तेथील खाद्यजीवन निराळ्या घडणीचे आहे. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव म्हणून वाढले. कामगारांच्या गरजेतून तेथे खानावळी व चहा-फराळाची दुकाने आली. बदलापूरला मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची वस्ती वाढली व तिच्याबरोबर वडा-पाव, मिसळ आणि पोळी-भाजी केंद्रे आली. २०११ मध्ये अंबरनाथची लोकसंख्या सु. २.५ लक्ष व कुळगाव-बदलापूरची सु. १.७ लक्ष होती. ही तिन्ही नगरे आता एकमेकांना जवळजवळ भिडली असून खाद्यपदार्थांची देवघेवही वाढली आहे. दाल-पकवान मराठी कुटुंबांच्या रविवारच्या न्याहारीत आले, तर उल्हासनगरच्या गाड्यांवर वडा-पाव व मिसळ स्थिरावली. सिंधी कढीत चिंचेऐवजी कोकणातील आमसूल पडणे, हीसुद्धा नव्या भूमीशी झालेली तडजोडच होय.

अन्यत्र : सिंधी विस्थापितांनी देशात इतरत्रही खाद्यव्यवसाय उभारले. मुंबईत कुलाबा येथे कराचीहून आलेल्या एका कुटुंबाने १९५२ मध्ये ‘कैलाश पर्वत’ हे उपाहारगृह काढले. हैदराबाद (आंध्र, आता तेलंगण) येथे १९५३ मध्ये ‘कराची बेकरी’ सुरू झाली व तिची फळांची बिस्किटे देशभर पोहोचली. दुकानाला हरवलेल्या गावाचे नाव देणे ही विस्थापितांची सहजप्रवृत्ती होती. तथापि पुढच्या काळात त्या नावाचा अर्थ लोक विसरले. पुलवामा येथील हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये निदर्शकांच्या दबावामुळे कराची बेकरीच्या बंगळूरू येथील शाखेला नामफलकावरील ‘कराची’ हा शब्द झाकावा लागला. ज्यांनी ते शहर गमावले, त्यांच्या आठवणीला परदेशनिष्ठेचे चिन्ह समजले गेले.

प्रांतिक खाद्यगृहाचे जगातील प्रसिद्ध उदाहरण म्हणून फ्रान्समधील लीआँ शहराच्या ‘बूशाँ’चा उल्लेख करता येईल. ही लहान, घरगुती वळणाची भोजनगृहे असून शहरातील रेशीम विणकरांच्या खाण्याशी त्यांचा इतिहास निगडित आहे. प्राण्यांच्या स्वस्त अवयवांपासून केलेले पदार्थ, माशाच्या लगद्याचे वाफवलेले गोळे, साधे मद्य व दाटीवाटीची बैठक ही त्यांची लक्षणे होत. श्रीमंत घरांत स्वयंपाक केलेल्या स्त्रियांनी स्वतःची भोजनगृहे काढून लीआँच्या पाककलेची कीर्ती वाढविली. त्यांपैकी यूजेनी ब्राझिए हिच्या दोन भोजनगृहांना १९३३ मध्ये मीशलँ मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. पर्यटकांसाठी नक्कल करणारी दुकाने वाढल्यावर अस्सल बूशाँ ओळखता यावीत, म्हणून त्यांना अधिकृत चिन्ह देण्याची व्यवस्था झाली.

दोन्हींत साम्य आहे. कष्टकऱ्यांचे स्वस्त खाणे, स्त्रियांच्या हातचे कौशल्य व सकाळच्या भरपेट न्याहारीची रीत लीआँत दिसते, तशीच ती उल्हासनगरातही दिसते. भेद आहे तो आधाराचा. लीआँच्या भोजनगृहाला त्याच शहराचा बाजार, नगरसंस्था व अभिमान यांचे पाठबळ लाभते. भारतात भौगोलिक निर्देशनासंबंधीच्या १९९९ च्या कायद्यानुसार बिकानेरी भुजिया व हैदराबादी हलीम अशा खाद्यपदार्थांना संरक्षण मिळाले आहे; परंतु वस्तूचे विशिष्ट भूप्रदेशाशी असलेले नाते हाच त्या संरक्षणाचा पाया आहे. ज्या पाकपरंपरेचा भूप्रदेश देशाच्या सीमेबाहेर राहिला, ती या चौकटीत सहज बसत नाही. तिला ‘उल्हासनगरची’ म्हणून मान्यता द्यावयाची, तर स्थलांतरातून निर्माण झालेल्या परंपरेलाही गाव असते, हे प्रथम मान्य करावे लागेल.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुस्थितीतील अनेक सिंधी कुटुंबे ठाणे, मुलुंड, मुंबई व परदेश येथे गेली, उल्हासनगरात मराठी, उत्तर भारतीय व इतर लोकांची संख्या वाढली. काही दुकानांत कढईपाशी उभा असलेला कारागीर आता सिंधी नसतो, पण पकवानाला टोचे मारण्याची व डाळीचा दाणा राखण्याची रीत त्याने पुरती आत्मसात केलेली असते. ही परंपरा वंशाबरोबरच हातांतूनही चालते, याचे हे द्योतक होय. पुढच्या पिढीला शिक्षणामुळे इतर व्यवसाय खुले झाल्याने काही जुनी दुकाने बंद पडली, तर काहींनी समाजमाध्यमे व घरपोच सेवा यांच्या साहाय्याने नवे ग्राहक मिळविले. बाहेरगावी गेलेले सिंधी लोक होळीच्या सुमारास घीयर व प्राकिरीसाठी आवर्जून उल्हासनगरला येतात किंवा तेथून ते मागवितात.

युद्धासाठी बांधलेल्या छावणीचे शहर झाले आणि तात्पुरत्या निवाऱ्यातल्या चुलींमधून एक बाजार उभा राहिला. दाल-पकवानासारखे काही पदार्थ त्या बाजाराने इतके सर्वपरिचित केले, की त्यांच्या टिकण्याची चिंता उरलेली नाही. साई भाजी, सेयल, भी व पल्लो यांसारख्या घरगुती पदार्थांच्या कृती मात्र ज्येष्ठ स्त्रियांच्या स्मरणात आहेत. सिंधमध्ये जन्मलेली व तेथील स्वयंपाकघर प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता वार्धक्याच्या अखेरच्या टप्प्यात असल्याने त्या कृतींची नोंद करण्याचे काम तातडीचे झाले आहे.